परदेशातलं फ्लामेन्को: पोशाख, पावलं आणि टाळ्या

रानजाई (तोक्यो)

नमस्कार मंडळी. नृत्य-संगीत विभागात फ्लामेन्कोवर, म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाच्या गाणं-गिटार-नाचाच्या कलेवर, कुणी सविस्तर लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा. मी तोक्योत राहते आणि इथल्या एका लहानशा क्लासमध्ये शिकते. मला स्पेनबाहेरच्या फ्लामेन्कोबद्दल बोलायचंय. परक्या मुलखात ते कसं रुजतं, कसं साजरं होतं, काय टिकतं आणि काय मागे राहतं. कुणी अमेरिकेत, युरोपात किंवा भारतात याच्या जवळ गेलं असेल तर जरूर भर घाला.

१६ नोव्हेंबर जवळ आला की इथे लगबग सुरू होते. २०१० साली त्याच तारखेला युनेस्कोने फ्लामेन्कोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आंदालुसियात तो फ्लामेन्को दिवस असतो आणि बाहेरच्या वेड्यांनीही तो आपलासा केलाय.

जपानचं नातं मात्र त्याच्या कितीतरी आधीचं आहे. १९२९च्या जानेवारीत आन्तोनिया मेर्से, जिला जग 'ला आर्हेन्तिना' म्हणून ओळखत होतं, ती तोक्योच्या इम्पीरियल थिएटरात नाचून गेली. तिचं नृत्य निव्वळ फ्लामेन्को नव्हे, रंगमंचासाठी घडवलेलं स्पॅनिश नृत्य होतं. पण प्रेक्षकांत काझुओ ओनो नावाचा एक तरुण बसला होता, त्याच्या मनातून ती गेलीच नाही. १९७७ साली, सत्तरी ओलांडल्यावर, त्याने तिला वंदन म्हणून एकल प्रयोग केला आणि बुतो या आधुनिक जपानी नृत्याच्या इतिहासात त्या प्रयोगाला मानाचं पान मिळालं. एका संध्याकाळचं नृत्य माणसाला इतकी वर्षं पुरतं, याचं मला फार अप्रूप आहे.

१९६०च्या दशकात योको कोमात्सुबारा, शोजी कोजिमा असे जपानी कलाकार स्पेनला जाऊन शिकले, तिथल्या मंचावर नाचले आणि परत येऊन त्यांनी इथे शिष्य घडवले. १९६७ साली शिंजुकूत 'एल फ्लामेन्को' नावाचा ताब्लाओ उघडला. ताब्लाओ म्हणजे जेवणाची टेबलं, समोर लाकडी फळ्यांचा छोटा मंच आणि रोज रात्री कार्यक्रम. स्पेनहून कलाकारांचे संच काही महिन्यांच्या करारावर यायचे, संध्याकाळी नाचायचे, गायचे आणि दिवसा शिकवायचे. २०१६ साली तो बंद झाला तेव्हा इथली जुनी मंडळी घरातलं कुणी गेल्यासारखी हळहळली. स्पेनपेक्षा जपानात फ्लामेन्कोचे क्लास जास्त आहेत असं नेहमी म्हटलं जातं. आकड्यात मी शिरत नाही, पण माझ्या स्टेशनच्या आसपास चालत जाण्याच्या अंतरात दोन आहेत.

आता मुद्द्याचं. आमच्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम असतो. महिनोन्‌महिने चर्चा कशाची? कपड्यांची. कुणाचा झगा कुठून आला, ठिपके केवढे, केसात फूल डोक्यावर की कानामागे. त्यानंतर पावलांची. गिटारवाल्याला तालमीच्या शेवटी शेवटी बोलावतात आणि गाणारा तर कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात येतो. मुली छान नाचतात, मेहनत तर विचारू नका. पण गायकाने एखादी ओळ जरा लांबवली की अख्खी रांग गोंधळते, कारण पावलं पाठ असतात, गाणं ओळखीचं नसतं.

आंदालुसियातल्या हेरेससारख्या गावात हे उलटं असतं. तिथे आधी गाणं, म्हणजे कान्ते. त्याच्या भोवती गिटार, त्याच्या भोवती नाच. आणि या सगळ्याला धरून ठेवणारे असतात बाजूला बसून टाळ्या देणारे. त्या टाळ्यांना पाल्मास म्हणतात. मला आताशा ठामपणे वाटतं की एखाद्या देशात फ्लामेन्को रुजलं की नाही हे झग्यांवरून नाही, मागच्या बाकावर टाळ्या देणाऱ्यांवरून ओळखावं. तुम्हाला काय वाटतं?

---

काळाकभिन्न (अकोला)

वाचनखूण साठवली. काझुओ ओनोची माहिती नवीन. पुढे लिहा.

---

पेशकार (पुणे)

रानजाई, उत्तम धागा. मी तबला वाजवतो, फ्लामेन्को नुसतं यूट्यूबवर ऐकलंय. बारा मात्रा आहेत एवढं कळतं, पण एकताल धरून बसलो की चौथ्या मिनिटाला वाहून जातो. सम कुठे आहे? एकदा कुणीतरी नीट सांगा.

---

रानजाई (तोक्यो)

पेशकार, एकताल डोक्यातून काढून टाका, तिथेच घात होतो. एकतालात बाराचे दोन-दोनचे सहा समान भाग. सोलेआत, म्हणजे फ्लामेन्कोच्या एका संथ गानप्रकारात, भाग असमान आहेत: तीन, तीन, दोन, दोन, दोन. आणि जोर भागाच्या सुरुवातीला नाही, शेवटी. म्हणजे ३, ६, ८, १०, १२ वर. मोठ्याने म्हणून बघा: एक दोन तीन, चार पाच सहा, सात आठ, नऊ दहा, अकरा बारा. प्रत्येक गटाच्या शेवटच्या आकड्यावर टाळी द्या. पहिला अर्धा भाग झुलतो आणि दुसरा दामटतो, हे दोन-तीन आवर्तनांत अंगाला कळेल.

समेसारखं येऊन ठेपणं १ वर नसतं. वाक्य बहुधा १० वर पूर्ण होतं. नर्तकी पायाचा तुकडा १० वर तोडते, ११ आणि १२ हा श्वास. बुलेरिया याच सांगाड्यावर, फक्त प्रचंड वेगात, आणि तिथे मोजायला बहुतेक १२ पासून सुरुवात करतात. हेच बारा आठव्या मात्रेपासून मोजायला घेतले की गट होतात दोन, दोन, तीन, तीन, दोन. ती सिगिरिया, सगळ्यांत गंभीर, शोकाची. तांगोस मात्र सरळ चारचे, तिथे तुम्हाला काहीच अडचण येणार नाही.

---

चिंचबोर (आल्बुकर्की)

न्यू मेक्सिकोतून भर घालते. आमचं शहर लहान, वाळवंटी, पण दर जूनमध्ये इथे फ्लामेन्कोचा मोठा उत्सव भरतो. १९८७ साली एव्हा एन्सिनियास यांनी तो सुरू केला. त्यांची आई क्लारिता यांचा इथे नृत्याचा स्टुडिओ होता, एव्हा त्यात लहानाच्या मोठ्या झाल्या आणि आता त्यांची मुलंही यातच आहेत. न्यू मेक्सिको विद्यापीठात फ्लामेन्को विषय घेऊन नृत्याची पदवी करता येते, अगदी पदव्युत्तर शिक्षणापर्यंत. २०२२ साली एव्हांना अमेरिकेतल्या पारंपरिक कलांसाठीची राष्ट्रीय हेरिटेज फेलोशिप मिळाली.

रानजाई, तुझ्या मुद्द्याला माझा पाठिंबा आहे, पण पोशाखाला मागे ढकलू नकोस. उत्सवाच्या आठवड्यात स्पेनहून आलेले मोठे कलाकार रात्री थिएटरात कार्यक्रम करतात आणि सकाळी विद्यापीठाच्या वर्गांत शिकवतात. मी नवशिक्यांच्या वर्गात जाते. तिथे शाळकरी मुली, निवृत्त शिक्षिका, नर्सची ड्यूटी संपवून आलेल्या बायका, सगळ्या सरावाचा घेरदार घागरा कमरेला बांधून उभ्या असतात. त्यांतल्या अनेकींच्या आज्या घरी स्पॅनिश बोलायच्या. त्यांच्यासाठी तो घागरा कमरेला बांधणं ही घरची गोष्ट आहे. तिथून शिरलेल्या मुली दहा वर्षांनी टाळ्या देणाऱ्या बाकावर बसलेल्या मी पाहिल्यात. घागरा हे दार आहे गं.

आणि गाणाऱ्यांची अडचण इथेही तशीच. नर्तकी पुष्कळ, गिटारवाले बरे, गाणारे बोटांवर मोजण्याइतके. आंदालुसियाची बोली, अर्धे गिळलेले उच्चार, आवाजातली ती चरचर हे दोन आठवड्यांच्या शिबिरात येत नाही.

---

सुईदोरा (लंडन)

पोशाखाचा विषय निघाला म्हणून खाते उघडून पहिल्यांदाच लिहितेय. मी शिवणकाम करते. इथल्या सॅडलर्स वेल्स थिएटरात २००४ पासून फ्लामेन्को महोत्सव होतो, त्याच्या आगेमागे इथल्या क्लासेसमधल्या मुली माझ्याकडे झगे दुरुस्त करायला आणतात.

पहिली गोष्ट, जत्रेचा झगा आणि नाचाचा झगा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आंदालुसियातल्या सेविया शहराची फेरिया, म्हणजे जत्रा, १८४७ साली गुरांचा बाजार म्हणून भरली. गुरांच्या व्यापाऱ्यांच्या बायका, त्यात हितानो, म्हणजे स्पेनमधल्या जिप्सी, बायकाही, साध्या सुती कापडाचे झालरी लावलेले कामाचे झगे घालून यायच्या. बड्या घरच्या बायकांना ते आवडले आणि १९२९च्या इबेरो-अमेरिकन प्रदर्शनाच्या सुमारास हाच जत्रेचा मानाचा पोशाख झाला. आजही तो दरवर्षी बदलतो. झालरी वर चढतात, खाली उतरतात, बाह्या फुगतात, आटतात. सेवियात जत्रेच्या आधी हिवाळ्यातच या कपड्यांचे मोठे फॅशन शो होतात. इतर प्रांतांचे पारंपरिक पोशाख पेटीत जपून ठेवायचे असतात, हा मात्र दर वसंतात नवा होतो.

हा जत्रेचा झगा गुडघ्यापर्यंत अंगाला चिकटून येतो आणि मग उमलतो. दिसतो देखणा, पण त्यात जोरकस पदन्यास होत नाही, मांडीच उचलत नाही. ऑनलाइन मागवलेला असा झगा घेऊन मुली माझ्याकडे येतात. मग कळ्या उसवून घेर वरून सोडावा लागतो. झालर सरळ पट्टीची चुण्या घालून केली तर ती लोंबते, गोल कापली तर आपोआप लाटा घेते. कडेला मासेमारीचा नायलॉन दोरा घालून बारीक टीप मारली की लाट ताठ उभी राहते. कापड हल्ली बहुतेक कोशिबो असतं, थोडं ताणणारं, न चुरगळणारं क्रेप.

बाता दे कोला, म्हणजे मागे लांब शेपटा असलेला घागरा, ही वेगळी विद्या. शेपट्याच्या आतल्या बाजूला झालरीवर झालरी असतात. तोच भार वळताना शेपटा उडवतो. नर्तकी सहसा हात लावत नाही, पोटरी आणि टाचेने तो उचलून मागे फेकते. सेवियाच्या मातिल्दे कोराल आणि मिलाग्रोस मेन्हिबार या त्यातल्या गुरू. माझ्या टेबलावर असा एक घागरा पसरला की बाकी काही ठेवायला जागा उरत नाही.

आता आपल्याकडच्या वाचकांसाठी एक धागा. मान्तोन दे मनिला, ती भरतकामाची, लांब गोंड्यांची रेशमी शाल, मनिलाची नाहीच. ती चीनमध्ये कॅन्टनला भरली जायची, मनिलाच्या बंदरातून स्पॅनिश जहाजांवर चढायची. गोंडे स्पेनमध्ये वाढत गेले. आणि मुंबईचे पारशी व्यापारी त्याच कॅन्टनहून भरतकामाचं रेशीम घरी आणत होते, ज्याला आपण गारा म्हणतो. मोठ्या पाकळ्यांची पियोनी फुलं, पक्षी, दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा टाका. दादरच्या एखाद्या पारशी आजींची गारा साडी आणि सेवियाच्या आजींची शाल शेजारी ठेवा, बहिणी वाटतील.

---

काळाकभिन्न (अकोला)

सुईदोराताई, गारा आणि मान्तोनचं नातं वाचून अंगावर काटा आला. कृपया यावर स्वतंत्र लेख लिहा.

---

ओसरी (ठाणे)

चांगली चर्चा. पण एक गोष्ट राहिली. जिप्सी भारतातून गेले, फ्लामेन्को त्यांचं, म्हणजे हे मूळचं आपलंच ना? कथकचे तत्कार आणि त्यांचे पाय ऐका, फरक सांगता येत नाही.

---

पेशकार (पुणे)

ओसरी, मीही हेच ऐकत मोठा झालो, पण जरा सांभाळून. रोमा, म्हणजे जिप्सी, लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून निघाले हे भाषेवरून आणि आता जनुकांवरूनही पक्कं झालंय. स्पेनमध्ये त्यांची पहिली लेखी नोंद १४२५ची. पण फ्लामेन्को आपण ऐकतो त्या रूपात घडलं ते १८व्या-१९व्या शतकात, आंदालुसियातच. आणि आजचं कथकही बरंचसं नंतरच्या दरबारांत घडलं. दोघांनी एकमेकांकडून पाय उचलले असं म्हणायला आधार नाही. २०१४ साली कथकचा अक्रम खान आणि फ्लामेन्कोचा इस्राएल गाल्वान एकत्र नाचले, तेव्हा मजा साम्यात होती तितकीच फरकात होती. एकाचे अनवाणी तळवे, दुसऱ्याच्या बुटांच्या टाचेत-चवड्यात ठोकलेले खिळे.

आणि आपलंच म्हणताना १७४९ विसरू नये. त्या वर्षी स्पेनच्या राजाच्या हुकमाने हितानो बायका-पुरुष एकाच वेळी धरून कोंडले, कुटुंबं तोडली. ते दुःख त्यांनी सोसलं, ते गाणं त्यांनी केलं. आपण नातं सांगावं, मालकी सांगू नये.

---

चिंचबोर (आल्बुकर्की)

पेशकार, शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन.

---

सह्यकडा (बार्सेलोना)

मग उलट बाजूने विचारतो, कारण इथे हा वाद फार ऐकतो. नातं नाही, मालकी नाही, तर परक्यांनी हे किती करावं? २०२४ च्या ऑगस्टमध्ये स्पेनमधल्या ला उनियोन गावच्या कान्ते दे लास मिनास महोत्सवात नृत्याचं पहिलं बक्षीस, 'देस्प्लान्ते', जुन्को हागिवारा या जपानी नर्तकीला मिळालं. परदेशी व्यक्तीला पहिल्यांदाच. निकाल जाहीर झाला तेव्हा प्रेक्षकांतल्या काहींनी हुर्यो केली. मला हुर्यो पटली नाही, पण तिच्यामागची भीती कळते. हुकूमशहा फ्रांकोच्या काळात फ्लामेन्कोला पर्यटकांसमोर ठेवायची बाहुली केलं होतं. ठिपके, पंखा, डोळ्यांचे विभ्रम. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना परदेशी कौतुकाचा धसका आहे.

---

रानजाई (तोक्यो)

सह्यकडा, हा प्रश्न आमच्या क्लासमध्ये त्या आठवड्यात सगळ्यांच्या तोंडी होता, त्यामुळे जरा लांब लिहिते.

हागिवारा, म्हणजे 'ला युन्को', दोन दशकांहून जास्त काळ सेवियात राहते. ती तिथल्या गायकांबरोबर वाढली, तिथेच शिकली, तिथेच शिकवते. तिचं नृत्य पाहिलं तर लक्षात येतं की ती गाणाऱ्याकडे कान लावून नाचते. ओळ चालू असताना पाय गप्प, ओळ संपली की उत्तर. परीक्षकांनी नेमकं तेच पाहिलं असणार. बक्षीस जपानला मिळालं नाही, सेवियात घडलेल्या एका नर्तकीला मिळालं.

आणि फ्लामेन्को स्वतः किती बाहेरून आलेलं घेऊन बसलंय! आज बहुतेक मैफलींत दिसतो तो काखोन, बसून वाजवायची लाकडी पेटी, पेरूतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचा. गिटारवादक पाको दे लुसियाने तो १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथून आणला आणि त्याच्या संचातल्या रुबेम दान्तास या ब्राझीलच्या वादकाने तो रुळवला. ग्वाहिरा आणि रुम्बा या चाली क्यूबाहून जाऊन-येऊन आलेल्या. शाल चीनची, हे सुईदोराताईंनी सांगितलंच. सेवियाच्या फेरियाचा प्रस्ताव मांडणारे दोघं, एक बास्क आणि एक कातालान, म्हणजे दोघंही आंदालुसियाबाहेरचे.

नर्तकी कार्मेन आमायाचंही उदाहरण घे. बार्सेलोनाच्या समुद्रकाठच्या झोपडवस्तीतली हितानो मुलगी, स्पेनच्या यादवी युद्धाने देशाबाहेर फेकली गेली. १९४२ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये नाचली, गिटारवर साबिकास. ती पुरुषी पँट घालून असे पाय वाजवायची की झगा-पंख्याची सगळी चौकट मोडून पडली. साबिकास पुढे न्यूयॉर्कलाच स्थायिक झाला आणि तिथल्या कितीतरी तरुणांनी त्याला ऐकून गिटार धरली. म्हणजे फ्लामेन्कोच्या इतिहासातली काही महत्त्वाची पानं परदेशातच लिहिली गेलीत.

म्हणून परक्यांनी करावं का हा प्रश्न माझ्यापुरता संपलाय. कसं करावं हा उरतो. चिंचबोर, तुझं दाराबद्दलचं म्हणणं मी मान्य करते. मीही झग्याकडे पाहूनच आले होते. माझी तक्रार एवढीच की आमच्यासारखे क्लास विद्यार्थ्यांना दारातच उभं ठेवतात. गायकाला आदल्या आठवड्यात न बोलावता पहिल्या महिन्यात बोलवा. आणि ज्या दिवशी नाचायचं नाही, त्या दिवशी बसून दुसरीला टाळ्या द्या.

---

सह्यकडा (बार्सेलोना)

गाणाऱ्याकडे कान लावून नाचणं, हे पटलं. हुर्यो करणाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं, कानांनी नाही, असं म्हणेन. फ्रान्समध्ये मों-द-मार्सांला १९८९ पासून उन्हाळ्यात आणि नीमला हिवाळ्यात जे महोत्सव होतात, तिथला प्रेक्षक मात्र वर्षानुवर्षं ऐकून तयार झालेला आहे. गायकाने ओळ नुसती उच्चारली तरी सभागृहातून दाद येते. त्यांच्यातले कितीतरी यादवी युद्धानंतर परागंदा झालेल्या स्पॅनिश कुटुंबांतले. कुणाला युरोपात यायचं असेल तर सेवियाच्या आधी नीम करा, असं मी बिनधास्त सुचवेन.

---

पेशकार (पुणे)

मी दोन दिवस तीन-सहा-आठ-दहा-बारा करत होतो, आता आवर्तन सुटत नाही. सोलेआसाठी कोणाला ऐकू? आणि टाळी नुसती जोरावरच द्यायची का?

---

रानजाई (तोक्यो)

वा! सोलेआसाठी फेर्नान्दा दे उत्रेरा, डोळे मिटून. तिचा आवाज फाटतो तिथेच गाणं असतं. त्याच्या आधीची पिढी ऐकायची तर ला निन्या दे लोस पेइनेस, आणि मग कामारोन. नाचाचे व्हिडिओ तूर्त नकोत.

टाळ्यांचे दोन प्रकार आधी हातात बसव. एक बंद: दोन्ही तळवे वाटीसारखे पोकळ ठेवून एकमेकांवर, आवाज दबका. गायक गात असताना हीच. दुसरी उघडी: एका हाताची तीन बोटं दुसऱ्या तळव्यावर, आवाज कडक, चाबकासारखा. पायांचा भाग सुरू झाला की ही. गाण्यावर उघडी टाळी दिलीस तर गायक मान वळवून बघेल. सुरुवातीला फक्त जोराच्या मात्रा धर, मधल्या जागा भरायच्या मोहात पडू नकोस. दोन मात्रांच्या मधोमध टाळी देणारा दुसरा माणूस शेजारी लागतो, तेव्हा कुणीतरी जोडीदार शोध. पुण्यात तबल्याचे विद्यार्थी काय कमी आहेत?

---

पेशकार (पुणे)

जोडीदार मिळाला, माझाच एक विद्यार्थी. रविवारी बसतोय. बंद टाळी येते, उघडीत अजून दम नाही.

---

सुईदोरा (लंडन)

उघड्या टाळीने पहिल्या दिवशी तळवा लाल होतो, घाबरू नका. अंगठ्या काढून ठेवा. आणि गारा-मान्तोनवर वेगळा धागा काढतेय, फोटो जमवायला थोडा वेळ द्या.